सव्वाअकराची पोटदुखी

पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी शाळेतली नर्सची नोकरी सोडते आहे. त्याआधी नऊ वर्षं हॉस्पिटलच्या बालविभागात काढली आणि नंतर सतरा वर्षं या एका शाळेत. माझ्या जागी येणाऱ्या सिस्टरसाठी हँडओव्हरची वही लिहायला घेतली आहे. कुणाला कसली ॲलर्जी, कुणाचं औषध कधी, कुठल्या मुलाच्या आईचा फोन लागत नाही म्हणून आधी मावशीला करायचा, हे सगळं त्या वहीत नीट बसतं. जे बसत नाही ते इथे लिहिते आहे. मुलांची ओळख पटू नये म्हणून इयत्ता आणि काही बारीक तपशील बदलले आहेत.

लिहायला आणखी एक कारण आहे. माझी जागा पूर्णवेळ भरायची की आठवड्यातून दोन दिवस येणारी नर्स ठेवायची, याचा विचार शाळेत चालू आहे. मला विचारलं गेलं, "सिस्टर, रोज साधारण किती मुलं येतात तुमच्याकडे?" मी वही काढून आकडा सांगितला. पंचवीस-तीस. त्यातली बहुतेक खरचटलेले गुडघे, डोकेदुखी, पोटदुखी. आकडा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की हे काम दोन दिवसांत बसेल असं त्यांना वाटतंय. तो आकडा खरा आहे, पण त्यावरून काहीच कळत नाही. हे मला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. आता प्रयत्न करते.

माझ्या नोंदवहीत सात रकाने आहेत. तारीख, वेळ, नाव, वर्ग, काय होतंय, काय केलं, परत वर्गात की घरी. मी आले तेव्हा वेळेचा रकाना नव्हता. वॉर्डमधली सवय म्हणून मी तो आखून घेतला, कारण तिथे वेळ लिहिल्याशिवाय कुठलीच नोंद पुरी होत नसे. या रकान्यानं मला जे शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी सव्वाअकराच्या सुमारास पोट धरून आली. ताप नव्हता. पोट मऊ होतं, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखत नव्हतं, उलटी नव्हती. मी तिला अर्धा तास झोपवलं, तिला बरं वाटलं, ती वर्गात गेली. दोन दिवसांनी तशीच दुसरी आली. मग पहिली पुन्हा आली. "पोटदुखी. झोपवलं. बरं वाटलं. वर्गात." असं मी प्रत्येक वेळी लिहीत गेले आणि प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर होती.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलीनं उठता उठता विचारलं, "सिस्टर, तुमच्या इथलं बाथरूम वापरू का?" खोलीला लागून माझं एक बाथरूम आहे. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा पोट दुखायचं थांबलं होतं.

ती गेल्यावर मी वही मागे चाळत बसले. अकरा ते बारा या वेळात पोटदुखीसाठी आलेल्या मुलींपुढे पेन्सिलीनं टिंब काढत गेले. सगळी टिंबं सहावी-सातवीची निघाली. हे दोन्ही वर्ग दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरची एकही मुलगी त्यात नव्हती आणि मुलगा तर एकही नव्हता.

मी तास चालू असताना वर गेले. मुलींच्या स्वच्छतागृहात तीन दारं. दोघांच्या आतल्या कड्या तुटलेल्या, तिसऱ्यात झाडू आणि बादल्या ठेवून बाहेरून कुलूप. या वयाच्या मुली, त्यातल्या निम्म्यांना नुकतीच पाळी सुरू झालेली किंवा कधीही होईल अशी. कडी नसलेल्या दाराआड कोण जाणार? त्या सकाळपासून धरून ठेवत होत्या. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हत्या. शी-शू अशी रोज दाबून ठेवली की बद्धकोष्ठ होतं, लघवीला जंतुसंसर्ग होतो, आणि पोट दुखतं. त्यांच्यातल्या एकीला जळजळही होत होती. तिच्या आईशी बोलून तिला डॉक्टरांकडे पाठवलं, तपासणीत संसर्ग निघाला.

सुताराला दोन कड्या बसवायला अर्धा तास लागला. झाडू-बादल्या जिन्याखाली गेल्या. पुढच्या महिनाभरात सव्वाअकराची पोटदुखी माझ्या वहीतून जवळजवळ नाहीशी झाली.

या मुलींपैकी प्रत्येक जण वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेली असती तर प्रत्येक डॉक्टरांना एकच पोट दिसलं असतं. त्यांनी ते चांगलं तपासलं असतं, औषध योग्य दिलं असतं. पण दुसरा मजला कुणालाच दिसला नसता. मी दोन दिवस येणारी असते तर मलाही दिसला नसता. त्या मुली सोमवारी आल्या, गुरुवारी आल्या, शुक्रवारी आल्या. माझ्या दोन दिवसांत त्यांतल्या दोन-तीन आल्या असत्या आणि मी "झोपवलं, बरं वाटलं" लिहून पुढे गेले असते.

वॉर्डमधली नऊ वर्षं मला फार मोलाची आहेत, पण तिथे मूल माझ्याकडे यायचं ते आजारीच. ते बरं असताना कसं असतं हे मला ठाऊक नसायचं. आई सांगायची, "ही एरवी एवढी गप्प नसते हो." आणि मी ते फक्त ऐकून घ्यायचे. शाळेत हे उलटं झालं. इथे बरं असलेलं मूल मला रोज दिसतं. शाळा भरायच्या आधीची वीस मिनिटं मी फाटकापाशी उभी असते. माझ्या दृष्टीनं दिवसातली सगळ्यांत मोठी तपासणी ती. एरवी दोन-दोन पायऱ्या चढणारा दम्याचा मुलगा आज कठड्याला हात लावून चढतोय. एरवी दप्तर ओढत येणारी आज ते पोटाशी घट्ट धरून येतेय. एकदा एक मुलगा बुटांची नाडी बांधायला वाकला आणि उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला. एवढंच. मी त्याला खोलीत नेऊन ताप पाहिला, ३९ अंश सेल्सिअस होता. घरी त्यानं सांगितलं नव्हतं, कारण त्या दिवशी त्याची धावण्याची शर्यत होती.

शाळेत नर्स का आली याची हकिकत मला फार आवडते, आणि ती या रोजच्या दिसण्याशी जोडलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून डॉक्टर शाळांमध्ये जाऊन मुलं तपासू लागले होते. खुपरी, खरूज, नायटा, डोक्यात उवा असं काही सापडलं की चिठ्ठी देऊन मुलाला घरी पाठवायचं. चिठ्ठी बऱ्याच घरांत कुणाला वाचता यायची नाही. वाचली तरी इलाज कसा करायचा हे माहीत नसायचं. मूल आठवडेच्या आठवडे घरी, किंवा रस्त्यावर. तपासणी चोख, नोंद चोख, आणि मुलं तशीच. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही गरीब वस्तीत घरोघरी नर्स पाठवणारी संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी तेव्हा सुचवलं की एक नर्स शाळेत ठेवून पाहा. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये लीना रॉजर्स नावाची नर्स चार शाळांमध्ये काम करू लागली. मिळून जवळपास दहा हजार मुलं. डॉक्टरांनी शोधलेला आजार ती तिथेच शाळेत धुऊन, मलम लावून, पट्टी बांधून हाताळायची. शाळा सुटली की त्या मुलांच्या घरी जाऊन आईला हातानं करून दाखवायची. प्रयोग यशस्वी झाला आणि आणखी नर्स नेमल्या गेल्या. १९०२ च्या सप्टेंबरमध्ये आजारपणामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. १९०३ च्या सप्टेंबरमध्ये ती १,१०१ झाली.

यातलं मला भिडतं ते घरी जाणं. आजार सापडणं आणि आजार बरा होणं यांच्यामध्ये एक लांब वाट असते. त्या वाटेवर मुलाबरोबर कुणीतरी चालावं लागतं. चिठ्ठी चालत नाही.

मी स्वतः हे किती वेळा पाहिलं आहे! दर वर्षी डोळे तपासतो. सहा मीटरवर तक्ता, एक डोळा झाकून दुसऱ्यानं वाचायचं. लहान मुलं बोटांच्या फटीतून झाकल्या डोळ्यानंही बघतात, म्हणून मी हाताऐवजी कागदी वाटी देते. एक डोळा कमजोर असला तरी मूल दुसऱ्यानं भागवून नेतं, त्याला स्वतःलाच कळत नाही. आळशी डोळा लहानपणीच सापडला तर उपचार चांगला लागू पडतो, वय वाढेल तसा तो अवघड होत जातो. म्हणून या तपासणीला मी एवढी जपते. पण तपासणी झाल्यावर पालकांना पत्र दिलं म्हणजे चष्मा आला असं होत नाही. मी यादी भिंतीवर कपाटाच्या आतल्या बाजूला लावते आणि चष्मा नाकावर दिसला की त्या नावावर रेघ मारते. पत्र दिल्यावर रेघ मारत नाही. एका मुलीची रेघ मारायला पाच महिने लागले. वडिलांना वाटत होतं, चष्मा लावला की नंबर वाढतो. तीनदा बोलावं लागलं, तिसऱ्यांदा आजीशी.

आता एका मुलाबद्दल, ज्याची आठवण आली की मला अजून हुरहुर लागते.

चौथीतला. त्याच्याबद्दल वर्गशिक्षिका बाईंची सारखी तक्रार. लक्ष नसतं, वाचता वाचता मध्येच थांबतो, विचारलं की "काय?" म्हणतो. दोनदा पालकांना बोलावून झालं होतं. माझ्याकडे तो आला गुडघा सोलवटून घेऊन. मी जखम धूत होते आणि तो मला सांगत होता, "मी पळत होतो ना, तर मागून त्यानं..." आणि थांबला. मला वाटलं पाणी झोंबलं. वर पाहिलं तर डोळे समोर खिळलेले, पापण्या बारीक फडफडतायत, चेहरा कोरा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजलं. आठ सेकंद. मग "...ढकललं," म्हणून त्यानं वाक्य पुरं केलं. मध्ये काही झालं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी त्याला काही बोलले नाही. संध्याकाळी बाईंना एक कागद दिला आणि म्हटलं, "आठवडाभर एवढं करा. तो असा थांबला की एक रेघ आणि समोर वेळ. त्याला ओरडू नका, हलवू नका." शुक्रवारी बाई तो कागद घेऊन आल्या. रेघांनी भरला होता. गणिताच्या तासाला, चित्रकलेच्या तासाला, आवडत्या गोष्टीच्या तासालासुद्धा. कंटाळलेलं मूल गोष्टीच्या तासाला हरवत नाही.

तो कागद मी पालकांबरोबर डॉक्टरांकडे पाठवला. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, झाला. ॲब्सेन्स सीझर म्हणतात याला, हातपाय न झटकता येणारी फिट. काही सेकंद मेंदू जणू विझतो आणि पुन्हा लागतो, दिवसातून कितीतरी वेळा. औषध सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो वाचताना थांबेनासा झाला. अशा बऱ्याच मुलांचा हा त्रास मोठं होता होता थांबतोही.

बाई माझ्या खोलीत येऊन रडल्या. "मी त्याला किती बोलले हो," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं ते मनापासून होतं: चाळीस मुलांना शिकवता शिकवता आठ सेकंद कुणालाही दिसणार नाहीत. मला दिसले कारण त्या वेळी माझ्यासमोर एकच मूल होतं आणि माझं काम त्याच्याकडे बघणं हेच होतं. आणि कागद भरला तो त्यांनीच. डॉक्टरांनी त्या कागदाचं कौतुक केलं होतं, ते मी बाईंना दोनदा सांगितलं.

इथे माझी एक चूक लिहायलाच हवी. तिच्याशिवाय हे लिखाण खोटं ठरेल.

शाळेत येऊन मला तीन वर्षं झाली होती. मी शिस्तीची. औषधांचं कपाट कायम कुलूपबंद, किल्ली माझ्या पर्समध्ये. वॉर्डमध्ये हेच शिकले होते आणि गोळ्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. एक दिवस मी प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले होते. खेळाच्या तासाला एका मुलाला दम्याचा झटका आला. त्याचा इनहेलर माझ्या कपाटात होता. लोकांनी जे सुचलं ते केलं. पाणी दिलं, वारा घातला, आणि काळजीपोटी त्याला आडवं झोपवलं. धाप लागलेल्या मुलाला आडवं झोपवलं की श्वास आणखी कठीण होतो, त्याला ताठ बसवायचं असतं, थोडं पुढे झुकवून. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. थोड्या वेळानं छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता बरं वाटतंय वाटतं. प्रत्यक्षात हवा आतबाहेर होणं इतकं कमी झालं होतं की शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. तेवढ्यात वडील दुसरा इनहेलर घेऊन पोचले. मुलगा दोन दिवस हॉस्पिटलमध्ये राहिला आणि घरी आला.

मी त्याच्या घरी गेले आणि माफी मागितली. आईनं मला बसायला सांगितलं आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "सिस्टर, तुमच्या भरवशावर पाठवतो आम्ही." ते वाक्य माझ्याबरोबर आजही असतं.

त्यानंतर माझ्या खोलीत दोन व्यवस्था आहेत. गोळ्या, सिरप कुलपात. इनहेलर, स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी), ॲलर्जीच्या मुलांची ॲड्रेनलिनची इंजेक्शनं, ग्लुकोज हे सगळं दाराशेजारी उघड्या लाल डब्यात, प्रत्येकावर मुलाचा फोटो आणि मोठ्या अक्षरात काय करायचं ते. दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात मी शिक्षक, शिपाईमामा, बसमधल्या ताई, सगळ्यांना बसवून हातानं करायला लावते. स्पेसर लावायचा, एक फवारा, मुलानं त्यातून चार-सहा श्वास घ्यायचे, मग पुढचा फवारा. ॲलर्जीनं चेहरा सुजला आणि श्वास अडकू लागला तर इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच, आणि मुलाला उठवून चालवायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका. शिपाईमामांना सुरुवातीला संकोच वाटायचा. आता नवीन शिक्षकांना तेच दाखवतात.

म्हणजे नर्स नसली तरी चालेल असं यावरून कुणी म्हणेल. मला त्याचं उत्तर द्यायचं आहे. हे सगळे लोक तयार आहेत, कारण दर सत्राला त्यांना कुणीतरी तयार करतं. डब्यातल्या औषधाची मुदत संपली का हे दर महिन्याला कुणीतरी बघतं. गेल्या वर्षी तीस किलोच्या आत होता तो मुलगा आता तीस किलोच्या वर गेलाय, त्याचा इंजेक्शनचा डोस बदलायला हवा, हे डॉक्टरांना कुणीतरी विचारतं. ते बघणं थांबलं की डबा एक-दोन वर्षांत नुसता लाल डबा राहील.

टाइप वन मधुमेह झालेला एक मुलगा पहिलीत आमच्याकडे आला. निदान होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याची आई रोज फाटकाबाहेर बाकावर बसायची. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, मांडीवर पिशवी, पिशवीत ग्लुकोमीटर, इन्सुलिन, ग्लुकोजच्या गोळ्या. तिनं नोकरी सोडली होती. मी तिला आत बोलावलं आणि म्हटलं, "मला शिकवा. मला मधुमेह माहीत आहे, तुमचा मुलगा माहीत नाही."

तिनं शिकवलं. साखर कमी झाली की इतर मुलं थरथरतात, घामेजतात. हा आधी चिडायचा. विनाकारण पेन्सिल फेकायचा. हे पुस्तकात सापडलं नसतं. मी वर्गशिक्षिकेला सांगितलं, त्यानं पेन्सिल फेकली तर रागावू नका, आधी साखर बघू. ७० च्या खाली असली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. आणि एक नियम मी वर्गाच्या दारावर लिहून लावला: त्याला बरं वाटत नसेल तर एकट्याला सिस्टरकडे पाठवायचं नाही. जिन्यातच चक्कर येऊन पडलं मूल तर कुणाला कळणार?

पहिल्या महिन्यात आई बाकावर होती. दुसऱ्या महिन्यात ती मधल्या सुट्टीपर्यंत बसू लागली. मग एक दिवस मी फाटकाशी गेले तर बाक रिकामा होता. दुपारी तिचा फोन आला, मी घाबरून उचलला. म्हणाली, "काही नाही, सहज. मी नोकरीसाठी अर्ज केलाय." तिसरीत आल्यावर त्याला स्वतःचं बोट टोचून आकडा वाचता येऊ लागला. पाचवीत इन्सुलिन पेन स्वतः लावू लागला, मी फक्त आकडा तपासायचे. आता सातवीत आहे. माझ्याकडे दिवसातून एकदा येतो, तेही बहुतेक वेळा बोलायला. सहा वर्षं मी त्याच्यासाठी जे केलं त्याचं फळ हेच की त्याला माझी गरज कमी कमी होत गेली. माझ्या वहीत मात्र त्याच्या नोंदी कमी झाल्यामुळे माझं काम घटल्यासारखं दिसतं.

पैशाचा हिशोब मागणाऱ्यांसाठीही माझ्याकडे काही आहे, आणि तो मी वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २००९-१० या शालेय वर्षात शाळांतल्या पूर्णवेळ नर्सवर झालेला खर्च आणि त्यातून झालेली बचत यांचा अंदाज एका अभ्यासात मांडला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला २.२० डॉलरचा लाभ झाला असं त्यात निघालं. मला वाटलं होतं यातला मोठा भाग दवाखान्याच्या बिलांचा असेल. तो होता सुमारे २ कोटी डॉलरचा. पालकांना कामावरून धावत यावं लागलं नाही त्याचे २.८१ कोटी. आणि शिक्षकांचा वाचलेला वेळ १२.९१ कोटी डॉलरचा! आमच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "यात नवीन काय? तुम्ही रजेवर असता त्या दिवशी माझे दोन तास जातात." अमेरिकेतल्याच आणखी एका अभ्यासात, २००८ सालच्या, आजारी वाटतंय म्हणून आलेल्या मुलांपैकी नर्सनं पाहिलेली ५ टक्के घरी पाठवली गेली आणि इतर कर्मचाऱ्यांनी पाहिलेली १८ टक्के. हे मला अगदी पटतं. ज्याला खात्री नाही तो घरीच पाठवणार, आणि पाठवावंच त्यानं. पण त्यात मुलाचा शाळेचा दिवस जातो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, आधी ७५० मुलांमागे एक नर्स असं प्रमाण सांगितलं होतं. २०१६ साली त्यांनी ते बाजूला ठेवून प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ नर्स असावी असं म्हटलं. मुलं किती आहेत यापेक्षा कुठली मुलं आहेत, कुणाला काय लागतं, हे जास्त महत्त्वाचं म्हणून.

उवांबद्दल एक परिच्छेद लिहीन म्हटलं होतं, पण थोडक्यात सांगते, कारण त्यावरून मुलींचे फार अपमान होतात. ऊ उडी मारत नाही, उडत नाही. ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. स्वच्छ केसांतही होते. त्यासाठी मुलीला वर्गाबाहेर काढायची गरज नसते. संध्याकाळी घरी औषध लावावं, लिखांतून पुढची पिढी बाहेर पडते म्हणून सांगितलेल्या दिवशी पुन्हा लावावं, झालं. ज्या मुलीला भर वर्गात "ए, हिच्या डोक्यात उवा आहेत" असं ऐकावं लागतं ती पुढे कितीही मोठी झाली तरी तो दिवस विसरत नाही. मी केस तपासते ते एकेकीला खोलीत बोलावून, दार लावून, आणि सगळ्यांनाच बोलावते, म्हणजे कुणाला का बोलावलं हा प्रश्न उरत नाही.

काही मुलं येतात त्यांना काहीच झालेलं नसतं. एक दुसरीतला मुलगा येतो, "पाय दुखतोय" म्हणतो. कुठला पाय विचारलं तर आठवडाभरात पाय बदललेला असतो. पहिल्यांदा मी पाय नीट तपासला, नंतरही प्रत्येक वेळी तपासते, कारण कधीतरी तो खरंच दुखत असेल. मग मी त्याला उलगडलेली बँडेजं गुंडाळायला देते. तो फार नीट गुंडाळतो. पाच-सहा गुंडाळून झाली की स्वतःच उठतो, "आता जातो" म्हणतो. त्याच्या घरात गेल्या वर्षीपासून काय चाललंय ते मला थोडंसं माहीत आहे, समुपदेशक ताईंना जास्त माहीत आहे, आम्ही दोघी दर आठवड्याला बोलतो. वहीत मी लिहिते, "पाय दुखणे. तपासला. वर्गात." आकडा मोजणाऱ्याच्या लेखी ही एक नोंद. नव्या सिस्टरच्या वहीत मी लिहिलंय: बँडेजं मुद्दाम उलगडून ठेवावीत.

जागेचा निर्णय अजून झालेला नाही. मी माझं म्हणणं लेखी दिलं आहे आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे ते वाचतीलही. त्यांची अडचण मला समजते, पैसे एकाच पिशवीतून येतात आणि मागणारे बरेच असतात. पण दोन दिवस येणाऱ्या नर्सला लाल डबा कुठे आहे ते कळेल. पेन्सिल फेकणारा मुलगा कोण हे कळायला तिला रोज यावं लागेल.

हँडओव्हरच्या वहीचं शेवटचं पान काल लिहून संपवलं. त्यावर ठरलेली कामं आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला औषधांच्या मुदती. बुधवारी समुपदेशक ताई. चष्म्यांची यादी कपाटाच्या आत, रेघ नाकावर चष्मा दिसल्यावरच. आणि दर सोमवारी, तास सुरू झाल्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही कड्या आतून लावून पाहाव्यात. या सोमवारी मधल्या दाराची पुन्हा ढिली झालेली सापडली. सुताराला निरोप दिलाय, उद्या येतो म्हणाला.